अप्पा, ट्राउट आणि व्हिजिटर व्हिसा

...नाही, तुम्हीच सांगा मला, एका जेवणासाठी साडेपाच तास गाडी? जायचे साडेपाच, यायचे साडेपाच, झाले अकरा! अहो, अकरा तासांत माणूस डॅलसहून उडून जर्मनीत उतरतो, आणि बॅग हरवली असेल तर त्याची तक्रारसुद्धा नोंदवून होते! आणि मी अकरा तास कुठे घातले? अर्कान्सासच्या डोंगरात. कशासाठी? मासा खायला. कुणाला? मला नाही हो! मी नागपूरचा माणूस. आमच्याकडे समुद्र असतो तो भूगोलाच्या पुस्तकात. मला माशाचे दोनच प्रकार माहीत, काटे असलेला आणि काटे नसलेला. दुसरा मी खातो आणि पहिल्याला लांबून नमस्कार करतो. मासा हवा होता आमच्या सासऱ्यांना. अप्पांना!

आता अप्पा म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय तुम्हाला माझं दुःख समजणार नाही. अप्पा म्हणजे मोरेश्वर, मुक्काम वेंगुर्ला, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, वय त्र्याहत्तर. पण ते सगळं वरवरचं. खरं पद वेगळंच. सकाळी साडेआठला पांढरा लेंगा, हातात पिशवी, आणि स्वारी मासळीबाजारात. तिथल्या बायका म्हणे अप्पा येताना दिसले की शिळा मासा टोपलीखाली सारतात. अप्पा वाकणार, माशाचे कल्ले बोटाने उचलून आतला लाल रंग बघणार, डोळ्यात डोळा घालणार, पोट दाबणार, आणि मान हलवून पुढे जाणार. चार टोपल्या नापास, पाचवी पास. गावातले लोक म्हणे यांच्या मागे मागे फिरतात, अप्पांनी घेतला तिथूनच घ्यायचा! लग्नानंतर मी पहिल्यांदा वेंगुर्ल्याला गेलो तेव्हा उत्साहात एका माशाकडे बोट दाखवून म्हणालो, "अप्पा, हा मस्त दिसतोय." त्यांनी माशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बहुतेक दोघंही सारखेच वाटले असावेत त्यांना. म्हणाले, "यतीनराव, तुम्हाला नाही कळायचं."

चौदा वर्षं झाली त्याला. चौदा वर्षं हे वाक्य ऐकतोय मी. घर घेतलं डॅलसजवळ फ्रिस्कोला, "छान आहे, पण भिंती लाकडाच्या? यतीनराव, तुम्हाला नाही कळायचं." इलेक्ट्रिक गाडी घेतली, "आवाज नाही? मग चालू आहे हे कळणार कसं? तुम्हाला नाही कळायचं." अहो, मीच विकत घेतली ना ती!

तर हे अप्पा आणि आमच्या सासूबाई, सुमित्राआई, सहा वर्षांनी अमेरिकेत आले. सहा वर्षं! व्हिसाच्या अपॉइंटमेंटा, त्या कॅन्सल, परत अपॉइंटमेंट... माझी बायको आश्लेषा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आईवडलांना बघून गप्प गप्प व्हायची. शेवटी जूनमध्ये आले. परतीचं तिकीट अठ्ठावीस ऑक्टोबरचं. आश्लेषाने फ्रिजवर कागद लावला, कुठल्या आठवड्यात काय. गणपती आपल्या घरी अप्पांच्या हातून बसवायचा, दसऱ्याला डॅलस फिरायचं, सगळं रंगीत पेनांनी.

आणि माशावरून बोंब झाली! इंडियन स्टोअरमध्ये नेलं, फ्रीजरमध्ये पॉम्फ्रेट, दगडासारखं. अप्पांनी पाकीट उलटसुलट केलं, चष्मा वर केला, "यतीनराव, एक्सपायरी पुढच्या वर्षीची आहे. हा मेला कधी ते कुठे लिहिलंय? याचं वर्षश्राद्ध तरी झालं का?" म्हटलं चला, अमेरिकन दुकानात बर्फावर मांडलेला असतो, तिथे जाऊ. तिथला मुलगा हसून म्हणतो, "हाऊ कॅन आय हेल्प यू?" अप्पा म्हणाले, "ओपन गिल." तो म्हणाला, "सॉरी?" अप्पा म्हणाले, "गिल. गिल. शो मी द गिल." पण तिथे नुसते तुकडे हो! गुलाबी चौकोनी तुकडे, वड्या पाडल्यासारखे, कल्ले आणायचे कुठून? अप्पा दुकानातून जे बाहेर पडले ते थेट गाडीत जाऊन बसले. पट्टासुद्धा स्वतः लावला, एरवी मला लावावा लागतो. त्यानंतर अडीच महिने, तुम्हाला सांगतो, भात, ताक, ऑम्लेट. भात, ताक, ऑम्लेट. आणि दुपारी बाहेर एकशे चार डिग्री, म्हणजे आपले चाळीस, चालायला जायचं तर फुटपाथ भाजतो, शेजारी कुणी दिसत नाही. अप्पा आपले खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. रस्त्यावर काय? अॅमेझॉनची गाडी. दिवसातून तीन वेळा.

आणि मग ऑगस्टच्या एका गुरुवारी जेवताना जाहीर केलं, "यतीनराव, आमचं तिकीट बुधवारचं करून टाका." मी म्हटलं, "कुठल्या बुधवारचं?" "येत्या." "का अप्पा?" "मासा नाही." बस! दोन शब्द! आश्लेषा उठली, पँट्रीत गेली, दार लावून घेतलं, आणि कडधान्यांच्या डब्यांमध्ये उभी राहून रडली. मी आत गेलो तर म्हणते, "यतीन, सहा वर्षांनी आलेत रे ते... परत कधी येतील? येतील का तरी? काहीतरी कर ना." आणि मी म्हटलं, "मी बघतो." अहो, हे दोन शब्द नवऱ्याने कधी उच्चारू नयेत! "मी बघतो" म्हणणारा माणूस नेहमी हायवेवर सापडतो!

ऑफिसात आमचा परीक्षित आहे, पुण्याचा. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट माहीत असते. मी नुसतं मासा म्हटलं, सुरू! "अरे यार, तुला माहितीच नाही? अर्कान्सासला जा! हिलसाइडला ट्राउट माशांची फार्म्स आहेत! डोंगरातून झऱ्याचं थंडगार पाणी येतं, टाक्यांमध्ये मासे, डोळ्यांसमोर काढतात, डोळ्यांसमोर तळतात, प्लेटमध्ये येतो ना तेव्हा शेपटी हलत असते यार! मस्ट डू!" मी म्हटलं, "तू कधी गेला होतास?" "मी? नाही, मी व्हेजिटेरियन आहे. रील बघितलं."

तरी मी अप्पांना सांगितलं! काय करणार? अप्पांनी ऐकून घेतलं. कचेरीत अर्ज ऐकावा तसं. मग निकाल दिला, "ठीक आहे. शनिवारी जाऊ. मासा ताजा आणि चवीचा निघाला तर ऑक्टोबरपर्यंत राहू. नाही निघाला तर सोमवारी सकाळी एअरलाइनला फोन." म्हणजे बघा, माझ्या बायकोचा गणपती, दसरा, फ्रिजवरचा तो रंगीत कागद, सगळं आता एका माशाच्या अब्रूवर. आणि तो मासा मी कधी बघितलेलासुद्धा नाही!

शनिवारी पहाटे पाचला निघालो. मागे आश्लेषा, सुमित्राआई आणि आमची तेरा वर्षांची सिया, कानाला हेडफोन. पुढे माझ्याशेजारी अप्पा. सुमित्राआईंनी पर्समध्ये मालवणी मसाल्याची बाटली घेतलेली. "असू दे हो, त्यांना काय मसाला घालता येणार?" आणि मग ओक्लाहोमा... तुम्ही ओक्लाहोमा बघितलंय? बघू नका. गवत, गाय, गवत, गाय, पेट्रोल पंप, गवत. अप्पा दर अर्ध्या तासाने, "यतीनराव, इथली माणसं कुठे गेली?" मी म्हटलं, "अप्पा, इथे वस्ती कमी आहे." "कमी म्हणजे? नाहीच आहे. रस्ता चुकला तुमचा." "अप्पा, जीपीएस..." "तुम्हाला नाही कळायचं."

चार तासांनी डोंगर लागले. हिरवेगार, वळणावळणाचे रस्ते, खाली नदी. अप्पा पहिल्यांदा काही न बोलता खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, जमतंय. अहो, कसलं जमतंय! मी बुक केलं होतं ते फार्म निघालं फॅशनेबल! मोठी काच, आत पांढरे टेबलक्लॉथ, मेन्यू कार्ड नाही, टेबलावर तो चौकोनी ठिपक्यांचा कोड, स्कॅन करा. वेट्रेस आली, गोड हसली, म्हणाली आमचा ट्राउट हँडक्राफ्टेड आहे. मासा! हँडक्राफ्टेड! मग एवढ्या मोठ्या पांढऱ्या ताटात मधोमध एवढासा तुकडा, वर लिंबाची चकती, बाजूला तीन घेवड्याच्या शेंगा, एकमेकींवर आडव्या. अप्पांनी ताट फिरवून चारही बाजूंनी बघितलं. "याचं डोकं कुठाय?"

मी म्हटलं, "अप्पा, इथे डोकं काढून देतात."

"डोकं नाही तर ताजा आहे हे कशावरून ठरवायचं? डोळा नाही, कल्ला नाही. विचारा तिला."

"काय विचारू?"

"डोकं आणून दाखव म्हणावं."

आता हे इंग्रजीत कसं विचारायचं? मी घाम पुसत म्हटलं, "एक्सक्यूज मी, माय फादर-इन-लॉ वुड लाइक टू सी द हेड." ती म्हणाली, "ओ, शुअर!" आणि आत जाऊन हेड शेफला घेऊन आली! उंच टोपीवाला माणूस, हात पुढे करून उभा. अप्पांनी त्याच्याशी हात मिळवला, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाले, "नॉट यू. फिश." शेवटी शेफला उमगलं, तो म्हणाला डोकी सकाळीच कचऱ्यात गेली. अप्पा म्हणाले, "व्हेअर इज कचरा?" सिया टेबलाखाली! शब्दशः टेबलाखाली! "आजोबा, प्लीज! ओ माय गॉड, ही इज आस्किंग फॉर द ट्रॅश!" अप्पा शांतपणे घडी केलेला नॅपकिन टेबलावर ठेवून उठले. "चला. सोमवारी फोन लावा."

आश्लेषा माझ्याकडे बघते... तुम्हाला सांगतो, ती रडली असती तर बरं झालं असतं. नुसती बघत होती. पार्किंगमध्ये मी एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, आसपास दुसरं ट्राउट फार्म आहे का हो, साधं? त्या म्हणाल्या, वर जा, रस्ता संपला की बड दिसेल. पत्ता बघा! रस्ता संपला की बड!

आणि खरंच रस्ता संपला. डांबर संपलं, खडी संपली, आणि डोंगराच्या उतारावर एकाखाली एक, पायऱ्या असाव्यात तशा सिमेंटच्या लांब टाक्या. वरून झरा, पाणी एका टाकीतून दुसरीत धबधबा कोसळतंय, आणि आत काळे काळे मासे, शेकड्यांनी. पत्र्याची शेड, पाच-सहा लाकडी बाकं, आणि वीस-पंचवीस माणसं रांगेत. रांगेच्या पुढे बड. पंच्याहत्तरीचा म्हातारा, डंगरी घातलेला, गुडघ्याला पट्टा, हातात लांब दांड्याची जाळी. तो वाकायचा, कण्हायचा, एक मासा काढायचा, शेडमध्ये बायकोला द्यायचा. बायको डोरीन, ती साफ करून मक्याच्या पिठात घोळवून तळायची. हवं तर गळ टाकून स्वतः पकडा, पण पकडलात तो घ्यायलाच हवा, परत सोडायचा नाही, अशी पाटी. मी म्हटलं, "अप्पा, गळ टाकणार?" तर म्हणतात, "लागेल तो घ्यायचा? मग निवड कसली? हे काय लग्न आहे?"

हे माझ्याकडे बघून म्हणाले हं! जावयाकडे बघून!

आणि मी बटाट्याच्या फ्राइजची चौकशी करायला शेडकडे वळलो, फार तर दोन मिनिटं! परत बघतो तर अप्पा रांग सोडून सगळ्यांच्या पुढे, टाकीच्या काठावर, बडच्या हातातली जाळी घेतलेली, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, आणि पाण्यात जाळी फिरवतायत! बड बाजूला थक्क. एक मासा वर आला, फडफड फडफड. अप्पांनी सवयीने बोट घातलं कल्ल्यात, उचललं... आणि माशाने शेपटीचा असा एक सणसणीत फटका दिला त्यांच्या गालावर, चष्मा तिरका! त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा एका माशाने आक्षेप घेतला होता! आश्लेषा धावली. आणि अप्पा... अप्पा हसले. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. चष्मा सरळ केला, गाल पुसला, म्हणाले, "ताजा आहे."

मग काय! पुढचा वर काढला, बघितला, "नो." परत टाकीत. बड म्हणाला, "व्हॉट्स राँग विथ दॅट वन, सर?" सर! तुम्ही अप्पांचा चेहरा बघायला हवा होता. रिटायर झाल्यापासून कुणी सर म्हटलं नव्हतं हो त्यांना, इथे तर आम्ही त्यांना फक्त "चहा घेणार का?" विचारत होतो. अप्पांनी तोच मासा पुन्हा हुडकून काढला, शेपटीजवळचा पांढरा ठिपका दाखवला. "सिक. स्मॉल सिक. टुमारो, बिग सिक." बड वाकला, खिशातून भिंग काढलं, बघितलं, आणि डोरीनला हाक मारून म्हणाला, अगं, या साहेबांना माझ्या आधी दिसलं! मला दिसत नाही हल्ली, मागच्या महिन्यात एक टाकी गेली माझी याच रोगाने. आणि त्याने सरळ खुर्ची ओढली, गुडघा पसरून बसला, आणि रांगेला सांगितलं, मंडळी, आज मासा हे साहेब निवडतील.

आणि रांग लागली की! अप्पांपुढे! "गुड आफ्टरनून सर, समथिंग फॉर टू पीपल?" अप्पा माणसाकडे बघणार, बायकोकडे बघणार, पोरं मोजणार, आणि जाळी घालणार. "धिस. नॉट दॅट. धिस." डोरीनने तर येऊन त्यांच्या गळ्यात एक एप्रन अडकवला. निळा. छातीवर फार्मचं नाव.

एप्रन बघितला आणि मला एकदम त्यांचा व्हिसा आठवला!

तुम्ही हसताय, पण तुमचं ग्रीन कार्ड झालेलं असेल! मी अकरा वर्षं लायनीत उभा आहे, नोकरीच्या एच-वन व्हिसावर! रस्ता ओलांडतानासुद्धा वकिलाला विचारतो! आणि माझे सासरे, व्हिजिटर व्हिसावर, अर्कान्सासमध्ये, भर दुपारी, एप्रन घालून, गिऱ्हाइकं घेतायत! हे काम नाही तर काय आहे? मी धावत गेलो, कुजबुजलो, "अप्पा, काढा ते! व्हिजिटर व्हिसा आहे तुमचा! काम करायची परवानगी नाही!" अप्पा जाळीतून नजर न काढता म्हणाले, "हे काम आहे?" "मग काय आहे?" "यतीनराव, तुम्हाला नाही कळायचं. बाजूला व्हा, उजेड अडवताय."

आणि त्याच क्षणी... विश्वास बसणार नाही तुमचा... खडीवर गाडी थांबली. सरकारी. दार उघडलं. खाकी शर्ट, छातीला बिल्ला, गॉगल, कमरेला काय काय लटकलेलं. थेट अप्पांच्या दिशेने! एका सेकंदात सगळं दिसलं मला, अप्पा विमानात, आम्ही विमानात, घर विकलेलं, सिया नागपूरच्या उन्हात "व्हेअर इज द एसी?" म्हणतेय... मी धावलो आणि दोघांच्या मध्ये उभा राहिलो, हात वर! "सर! ही इज नॉट वर्किंग, सर! ही इज ओन्ली एन्जॉइंग! नो सॅलरी! टुरिस्ट! ही हॅज रिटर्न तिकीट!" खिशातून फोन काढून तिकीट दाखवायला लागलो! "वेनस्डे, सर! वेनस्डे ही इज गोइंग!"

त्या माणसाने गॉगल काढला. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून अप्पांकडे बघितलं, आणि म्हणाला, "इज दॅट द फेला हू पिक्स देम? कॅन ही गेट मी अ बिग वन?"

जंगल खात्याचा माणूस! दर शनिवारी जेवायला येतो, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी त्याला अप्पांबद्दल सांगितलेलं! अप्पांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि असा दणदणीत मासा काढून दिला की तो म्हणाला, "थँक यू, सर." आता सरकारसुद्धा सर म्हणालं! मागे सिया म्हणते, "बाबा, दॅट वॉज वर्स दॅन द ट्रॅश."

बड खूश. तुमच्या पाच जणांचं जेवण माझ्याकडून, म्हणाला, आणि डोरीनने वर आणखी दोन मासे बर्फात बांधून दिले. मी म्हटलं, नो! नो नो नो! पैसे घ्या! मासा दिलात तर तो मोबदला झाला! मोबदला झाला की नोकरी झाली! अहो, मी त्या म्हाताऱ्याच्या हातापाया पडून बिल बनवून घेतलं, त्यावर तारीख, सही, आणि खाली लिहून घेतलं, कस्टमर. जगात पहिला माणूस असेन मी, फुकटचं जेवण नाकारण्यासाठी गयावया करणारा!

मग जेवायला बसलो. सुमित्राआईंनी डोरीनच्या पिठात गुपचूप मसाला मिसळला होता, डोरीनने चाखून डोळे पुसत "ओ माय" म्हणून आणखी मागून घेतला. ताटात अख्खा मासा. डोकं, डोळा, शेपटी, सगळं हजर. अप्पांनी तुकडा मोडला. आश्लेषाने माझा हात टेबलाखाली इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. अप्पांनी घास तोंडात घातला. चावला. परत चावला. वर डोंगराकडे बघितलं. पाणी प्यायले. आणि म्हणाले, "चव नाही."

संपलं! साडेपाच तास, दोन फार्म, एक शेफ, एक सरकारी अधिकारी, आणि "चव नाही"! मी मात्र एकीकडे खात होतो... आणि खरं सांगू का? फार सुरेख होता हो. दोन खाल्ले मी. पण मला कोण विचारतंय?

परतीला गाडीत बसलो. मी मनातल्या मनात सोमवारचा फोन लावत होतो, "प्रेस वन फॉर इंग्लिश"... आरशात आश्लेषा बाहेर बघत होती, डोळे लाल. आणि मला एकदम अप्पांचा विचार आला. गावात हा माणूस रोज सकाळी चार टोपल्या नापास करतो आणि अख्खा बाजार श्वास रोखून बघतो. आणि आपण त्याला आणून बसवलं खिडकीत. मासा नाही हे खरं होतं, पण नुसता मासाच नव्हता. त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं हो. अडीच महिन्यांत मीसुद्धा नाही. लाज वाटली मला, सरळ सांगतो. चौदा वर्षं मी त्या एका वाक्यावर चिडतोय, पण ते म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही.

ओक्लाहोमाच्या गवतात शिरलो तेव्हा अप्पांनी घसा खाकरला. "यतीनराव, तो सोमवारचा फोन... नका लावू."

गाडी माझ्या हातून थोडी उजवीकडे गेली. मी म्हटलं, "का अप्पा?"

"पुढच्या शनिवारी बडकडे चर्चची साठ माणसं जेवायला यायची आहेत. त्याचा गुडघा तसा, डोळे तसे. एकटा काय निवडणार तो? मी येतो म्हटलंय."

मागून आश्लेषाचा हुंदका आला, आणि त्यावर सुमित्राआईंचा आवाज, "तिकीट माझंही होतं हो. मला कुणी विचारलं?" मी विचारलं, "पण अप्पा, तुम्ही तर म्हणालात चव नाही?"

"नाहीच आहे. गोड्या पाण्याचा मासा तो. त्याला कसली आलीय चव?"

"मग?"

"निवडणं वेगळं, खाणं वेगळं. तुम्हाला नाही कळायचं."

सोमवारी मी एअरलाइनला नाही, वकिलांना गाठलं. लिहिलं, समजा एखादा व्हिजिटर माणूस आपल्या आनंदासाठी दुसऱ्यांना मासे निवडून देत असेल, फुकट, तर? उत्तर आलं, एका ओळीचं, आणि त्या ओळीचंही बिल आलं. "कृपया त्यांना एप्रन घालू देऊ नका."

तर आता एप्रन नाही, बाकी सगळं तसंच. गणपती आमच्याकडे अप्पांच्या हातून बसणार, आश्लेषा फ्रिजवरच्या कागदाला नवे रंग देतेय, सगळे खूश. फक्त दर शनिवारी पहाटे पाचला गाडी काढायची, गवत-गाय-गवत बघत साडेपाच तास चालवायची, रस्ता संपेपर्यंत डोंगर चढायचा, तिथे अप्पा पन्नास-साठ माणसांना ताजा मासा निवडून देतात, लोक येस सर, थँक यू सर करतात, आणि मग दुपारी दोनला, समोर टाक्यांमध्ये अप्पांनी 'चव नाही' ठरवलेले ट्राउट शेकड्यांनी उड्या मारत असताना, आम्ही पाच जण काठावर सतरंजी पसरतो, सुमित्राआई डबा उघडतात, आणि सगळे मिळून आदल्या दिवशीच्या पोळ्या आणि बटाट्याची गार भाजी खातो.